‘डरकाळी’च्या अध्यक्षांचा राजीनामा

“जंगलात वाघ एकच असते!” खुशालभाऊ मोहुर्ले गरजले. “आणि ज्या दिवशी तो वाघ निंघून जाते ना, त्या दिवशी जंगलात नुसती लाकडं उरते! हा घ्या माझा राजीनामा!”

हे वाक्य ते तीन दिवसांपासून घोकत होते. म्हणताना ते कोंड्याच्या पोत्यावर उभे होते, उजवा हात छताकडे होता आणि छताला कोळ्याचं जाळं होतं. वाक्य संपल्यावर अपेक्षेप्रमाणे शांतता पसरली. त्या शांततेत दारातून मंगलीबाईचा आवाज आला.

“भाऊ, मंग माझं धान आज भरडता का नाई?”

“अकरा वाजता येजो बाई. मीटिंग चालू हाये.”

“बरं. पोतं इथीच ठेवतो.”

वाघ निघून गेल्याचं मंगलीबाईला विशेष काही वाटलं नाही. सिंदेवाहीच्या माणसाला वाघ गेल्याचं दुःख सहसा होत नाही.

मीटिंग होती ‘डरकाळी’ची. डरकाळी हा चौघांचा रॉक बँड. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतला सर्वांत जुना रॉक बँड आपलाच, असं त्यांच्या फलकावर लिहिलेलं असे आणि दुसरा बँड नसल्यामुळे त्यावर कोणी हरकत घेतली नव्हती. सन अठ्ठ्याऐंशीला खुशालभाऊंनी तो काढला. तालमीची जागा त्यांचीच धानगिरणी. तिथं थ्री-फेज वीज होती, आणि शेजाऱ्यांना आवाजाची सवय होती. त्यांचं ‘लाईन आली’ हे गाणं एके काळी इतकं चालायचं की वीज खरोखर गेली तरी लोक खाली बसून टाळ्या वाजवत राहायचे, गाण्याचाच भाग समजून.

खुशालभाऊ गिटार वाजवत, गात आणि अध्यक्ष असत. बिरजू मडावी बेस वाजवी आणि बँडची मॅटाडोर चालवी. धनराज शेंडे ड्रमवर. रोज पहाटे तलावात जाळं फेकून त्याची मनगटं तयार झाली होती, आणि मासे पळू नयेत म्हणून गप्प राहण्याची सवय त्याला पाण्याबाहेरही लागली होती. चौथे गुणवंतराव निकुरे, कीबोर्डवर. तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते, पण ते फक्त तहसीलला माहीत होतं. गुणवंतरावांना तसं कोणी सांगितलं नसावं.

भांडण सुरू झालं गणपतीत. मूलच्या कार्यक्रमात पहिलंच गाणं फाटलं. कीबोर्ड आधी निघाला, त्याच्यामागे बेस, आणि ड्रम मुहूर्त टळल्यावर येणाऱ्या पाहुण्यासारखा सावकाश आला. दुसरं गाणं तसंच. पुढच्या तीन गावांतही तसंच. छत्तीस वर्षं जी चार माणसं एका ठोक्यावर उठत होती, ती आता ग्रामपंचायतीच्या सभेला आल्यासारखी एकेक करून गाण्यात शिरत होती.

खुशालभाऊंच्या मते सगळा दोष गुणवंतरावांनी बँडच्या कारभारासाठी उघडलेल्या फाईलचा होता. गुणवंतरावांच्या मते बिरजूच्या नव्या स्पीकरचा. बिरजूच्या मते पावसाचा. त्या वर्षी नवीन म्हणाव्या अशा गोष्टी तशा बऱ्याच होत्या: फाईल नवी, स्पीकर नवा, राखीला नागपूरहून आलेल्या आचलनं बापाला, म्हणजे खुशालभाऊंना, आणलेला चामड्याचा पट्टा नवा, मॅटाडोरचा हॉर्नसुद्धा नवा.

“मी एवढ्या जोरानं वन-टू-थ्री-फोर म्हणतो,” खुशालभाऊंनी धनराजला विचारलं, “तुले आयकू येत नाई काय?”

“तुमी तं पह्यलेपासून म्हणता जी,” धनराज म्हणाला.

“मंग काऊन हाणत नाई?”

धनराजनं आपल्या हातांकडे पाहिलं. “माईत नाई भाऊ. हात उठतच नाई.”

यावर गुणवंतरावांनी फाईल उघडली. तिच्यातल्या वरच्या कागदावर लिहिलं होतं, ‘विषय: गाणे एकाच वेळी सुरू न होणेबाबत.’ आत धनराजला कारणे दाखवा नोटीस होती. धनराजनं तिच्यावर अंगठ्यासारखी दिसणारी सही केली आणि कारण काही दाखवलं नाही. मग दुसरी टिप्पणी आली: सदर अडचण नेतृत्वाच्या शैथिल्यामुळे उद्भवली असून अध्यक्षपद आळीपाळीने द्यावे.

म्हणून आज तो राजीनामा.

खुशालभाऊ काही पहिल्यांदा राजीनामा देत नव्हते. आजवर त्यांनी तो अकरा वेळा दिला होता. रीत ठरलेली होती. भाऊंनी गरजायचं, बिरजूनं “अरे भाऊ, असं कसं चालन” म्हणायचं, आणि संध्याकाळी धनराजनं तलावातले झिंगे घेऊन घरी यायचं. झिंगे खाल्ले की राजीनामा परत. पण हे अकरा राजीनामे तोंडी होते. “तोंडी ग्राह्य धरता येत नाही,” असं गुणवंतरावांनी आधीच सांगून ठेवल्यामुळे बारावा भाऊंनी लिहून आणला होता. इथंच त्यांची चूक झाली. निवृत्त कारकुनाच्या हातात कागद द्यायचा नसतो. त्याचं तो काहीतरी करतो.

गुणवंतरावांनी चष्मा चढवला, अर्ज वाचला, खिशातून शिक्का काढला आणि मंगलीबाईच्या पोत्यावर कागद ठेवून ‘मंजूर’ असा ठोकला.

खुशालभाऊ पोत्यावरून खाली उतरले. “मंजूर?”

“अर्ज नियमात आहे.”

“अरे पण...” भाऊंनी बिरजूकडे पाहिलं. बिरजूचं तोंड उघडलं होतं, पण शिक्का बसलेला पाहून ते पुन्हा मिटलं. सरकारी शाईपुढं बिरजूचं कधी काही चाललं नव्हतं.

“बरं,” भाऊ म्हणाले. “अध्यक्ष नाई तं नाई. गिटार तं वाजवतो.”

“नाही वाजवता येणार,” गुणवंतराव खेदानं म्हणाले. “तुम्ही लिहिलंय ‘सर्व जबाबदाऱ्यांतून मुक्त करावे’. गिटार ही जबाबदारीच आहे.”

“आणि गिटार कोण वाजवन, तुमचा बाप?”

“कीबोर्डात गिटारचं बटन आहे. गाणं मीच म्हणेन.”

घरी जाऊन भाऊंनी बायकोला बातमी सांगितली. गोकुळाबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काळजी दिसली.

“म्हणजे आता तुमी रविवारी घरीच राह्यसान?”

भाऊंनी आचलचा पट्टा कमरेचा काढला आणि खिळ्याला टांगला. स्टेजच गेलं, आता कोणासाठी बांधायचा?

खरी शिक्षा पुढं होती. गिरणी भाऊंची, आणि तालमीची जागा गिरणीच. त्यामुळे माजी अध्यक्षांना दर रविवारी गिरणीमालक म्हणून हजर राहणं भाग होतं. ते कोपऱ्यात पोती इकडची तिकडं करत, पँट वर ओढत, कान तिकडंच ठेवून. आणि जे ऐकू आलं त्यानं ते आतून थंड पडले. गाणी बरोबर सुरू होत होती. गुणवंतरावांनी “एक, दोन, तीन, चार” म्हटलं, भाऊंनी रागानं पोतं आपटून पँट वर ओढली, आणि धनराजचा ठोका पडला तो असा नेमका, की छतावरचा कोळीसुद्धा जागा बदलून बसला.

“बघा,” गुणवंतराव फाईलमध्ये नोंद घेत म्हणाले. “अडचण दूर झाली.”

त्या दिवशी भाऊंनी मंगलीबाईचं धान दोनदा भरडलं. तांदळाची कणी झाली. मंगलीबाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ती काही बोलली नाही. छत्तीस वर्षं ज्याला आपण खांब समजत होतो तो खांब काढून घेतल्यावरही मांडव उभाच आहे, हे पाहायला लागलेल्या माणसाशी काय बोलणार?

दिवाळी झाली, धान कापणीला आलं आणि मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू झाले. गोंडपिपरीकडच्या एका गावाच्या मंडईत डरकाळीला दुपारी चारची वेळ मिळाली. रात्र नाटकाची. भाऊ सकाळीच मॅटाडोरजवळ येऊन उभे राहिले.

“मी काई तुमच्यासाठी येऊन नाई राह्यलो,” त्यांनी बिरजूला सांगितलं. “मले मंडई पाह्यची हाये.”

“या ना भाऊ. मांगं जागा हाये.”

पुढची जागा, ड्रायव्हरशेजारची, खिडकीची, छत्तीस वर्षं भाऊंची होती. तिच्यावर आता गुणवंतराव बसले होते, मांडीवर फाईल. भाऊ मागं स्पीकरच्या पेट्यांमध्ये बसले. मूलपर्यंत एक पेटी त्यांच्या गुडघ्यावर होती, मूलनंतर दुसरी.

मंडई भरली होती. पाळणे, भजी, बांगड्या, उसाचे ढीग. मंडपात लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. भाऊ पहिल्या रांगेत बसले, हातात जिलबीचा कागद. शेजारी गावचे सरपंच.

“तुमी डरकाळीचे ना जी?” सरपंचांनी विचारलं. “खाली काऊन बसले?”

“आज आवाज कसा येते ते पाहून राह्यलो,” भाऊ म्हणाले.

आवाज आलाच नाही. गुणवंतराव माईकजवळ गेले, डरकाळीच्या प्रशासकीय सुधारणांबद्दल चार शब्द बोलले आणि म्हणाले, “एक, दोन, तीन, चार.” कीबोर्ड निघाला. बेस निघाला. धनराज काठ्या वर धरून बसून राहिला. दोघं थांबले.

“एक, दोन, तीन, चार!”

काठ्या हवेत. धनराजच्या कपाळावर घाम. तो मंडपभर कोणालातरी शोधत होता. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. एक जण ओरडला, “मास्तर, पाच म्हणून पाहा!”

खुशालभाऊंना वाटलं होतं की हे पाहून आपल्याला आनंद होईल. तीन आठवडे ते याच दृश्यासाठी जगत होते. पण धनराजचा तो चेहरा पाहून जिलबी गोड लागेना. त्यांनी कागद सरपंचांच्या हातात दिला आणि उभे राहिले. नेमकं काय करायला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. प्लास्टिकच्या खुर्चीतून साठीचा माणूस उठला की पँट जिथं जाते तिथं ती गेली होती. भाऊंनी दोन्ही हातांनी ती वर ओढली.

धाड!

ड्रम असा कडाडला की सरपंचांनी जिलबी सोडली. ‘लाईन आली’ सुरू झालं, एका ठोक्यात, तिघं एकदम, अठ्ठ्याऐंशीसारखं. मंडप उठला. भाऊ उभेच राहिले. हळूहळू त्यांची मान ताठ झाली, छाती पुढं आली. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, भाऊ खाली बसले.

दुसरं गाणं सुरू होईना.

भाऊ सावकाश उठले, चारी बाजूंना पाहिलं, पँट सारखी केली. धाड! गाणं सुरू.

नऊ गाणी झाली, भाऊ नऊ वेळा उठले. पाचव्या गाण्यानंतर सरपंचही त्यांच्याबरोबर उठू लागले. त्यांना वाटलं, ही काहीतरी मानाची पद्धत असावी. सातव्याला सगळी पहिली रांग उठली. शेवटच्या गाण्याआधी गुणवंतरावांनी मोजायचं सोडून दिलं आणि ते नुसतेच हात जोडून भाऊंकडे पाहत राहिले.

कार्यक्रमानंतर मॅटाडोरच्या मागं, भज्यांच्या धुरात, वाटाघाटी झाल्या. खुशालभाऊ स्पीकरच्या पेटीवर बसले होते. बाकीचे उभे.

“पाह्यलं ना?” भाऊ म्हणाले. “याले म्हणते वजन. मी नुसता उभा राह्यलो!”

“मान्य,” गुणवंतराव म्हणाले. फाईल उघडून त्यांनी पेन काढलं. “आपल्या अटी सांगा.”

“पह्यली, पुढची सीट.”

“मान्य.”

“फलकावर फोटो मधात. माझा. आणि तुमचा खालती.”

गुणवंतरावांचं पेन क्षणभर थांबलं. “मान्य.”

“तहहयात अध्यक्ष. आळीपाळी गेली चुलीत.”

“मान्य.”

“आणि तो शिक्का धनराजले द्या, तलावात टाकाले.”

हे गुणवंतरावांना जड गेलं. पण त्यांनी खिशातून शिक्का काढला, एकदा फुंकर मारली आणि धनराजच्या हातावर ठेवला. बिरजूनं डोळे पुसले. मॅटाडोरचं पुढचं दार त्यानं स्वतः उघडून धरलं. भाऊ उठले, वाघासारखे चालत गेले, पायरीवर एक पाय ठेवला आणि वळून म्हणाले, “आणखी कोणाचं काही म्हणणं?”

मग धनराज दोन पावलं पुढं आला. छत्तीस वर्षांत तो मीटिंगमध्ये आपणहून कधी बोलला नव्हता, म्हणून गुणवंतरावांनी पुन्हा पेन काढलं.

“भाऊ, ड्रमाच्या मांगं मले तुमचं वन-टू-थ्री-फोर कधीच आयकू येत नव्हतं. तुमी पँट वर वढली, का मी हाणतो. पह्यलेपासून तसंच हाये. मलेबी आज समजलं.” त्यानं शिक्का या हातातून त्या हातात घेतला. “मोठं काई मांगत नाई जी. आचलनं आणला तो पट्टा तेवढा घरीच राहू देजा.”