विहिरीचं पाणी प्यालेला रेडिएटर

मी रेडिएटर बोलतोय. मोटारीच्या तोंडाशी, जाळीच्या आड, पंख्याला पाठ देऊन उभा असतो ना, तोच मी. मोटार कोणती, किती पळते, पेट्रोल किती खाते हे सगळे विचारतात. माझं नाव मात्र मोटार वाटेत वाफा सोडून उभी राहिली की मगच निघतं, आणि तेही शिवीबरोबर.

माझा जन्म विलायतेतला. वर एक टाकी, खाली एक टाकी आणि मधे तांब्याच्या बारीक बारीक नळ्या, एवढाच माझा देह. इंजिनाचं तापलेलं पाणी वरून घ्यायचं, वाऱ्यावर निववायचं आणि खालून परत द्यायचं. म्हणजे दुसऱ्याचा ताप आपल्या अंगावर घ्यायचा. असलं काम करणाऱ्याला जगात कोण विचारतं?

बोटीतून उतरलो तो थेट गिरगावात, कमलाकांतांच्या वाडीत. घराणं जुनं, मुंबईचंच. कमलाकांत पुढे वारले आणि घराची सूत्रं त्यांच्या पत्नीकडे, राजलक्ष्मीबाईंकडे आली. घरात त्यांना माई म्हणत. थोरला मुलगा मनमोहन, त्याची बायको वासंती आणि धाकटा वीरेंद्र. वीरेंद्र मोठा गोड मुलगा. माझ्या जाळीत अडकलेले किडे काडीने काढणारा घरात तो एकटाच.

वाडीत एक विहीर होती, माईंच्या सासऱ्यांनी खणलेली. समुद्र जवळ, त्यामुळे पाणी मचूळ. नळ आले तरी त्या विहिरीवरचा माईंचा जीव सुटला नाही. दसऱ्याला मोटारीला झेंडूची माळ घालून, हळदकुंकू लावून त्या माझ्यात विहिरीचं पाणी ओतायच्या. नळाच्या तोटीत चामडं असतं, ते पाणी पुजलेल्या वस्तूला चालायचं नाही, असं त्यांचं ठाम मत. दसऱ्यापुरतं असतं तर निभावलं असतं. पण पुढे नेमच झाला. घरच्या गाडीला घरचं पाणी. मीही मुकाट्याने पीत गेलो. प्रेमाने दिलेलं कोण नाकारतं?

मग छप्पन्न सालचा तो जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर जाहीर झालं आणि गिरगाव पेटलं. ट्राम बंद, बसगाड्या बंद, संचारबंदी. मित्राकडे जातो म्हणून वीरेंद्र घराबाहेर पडला. तो मोर्चात होता की नुसता कडेला उभा होता, हे शेवटपर्यंत कोणाला नीट सांगता आलं नाही. निरोप आला तेव्हा मांडीत गोळी लागून तो परळच्या इस्पितळात पडला होता.

मनमोहन एकदा पायी जाऊन त्याला बघून आला. जखम चिघळली होती आणि ताप उतरत नव्हता. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, आईला आणायचं असेल तर लवकर आणा. घरी येऊन त्याने माईंना एवढंच सांगितलं, की विरूला तुम्हाला भेटायचंय आणि वाडीचं पाणी प्यायचंय, तिथल्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणतो. माई समजायचं ते समजल्या. माई दम्याच्या, पायी चार घरं चालणं त्यांना जमत नसे. टॅक्सीवाले त्या रस्त्याला यायला धजत नव्हते. उरलो मी.

सकाळी संचारबंदी थोडा वेळ उठायची. त्या वेळात आम्ही निघालो. भायखळ्याच्या पुलाचा चढ लागला आणि मला कोंडल्यासारखं झालं. वरून उकळतं पाणी येत होतं, पण खाली जायला वाट नव्हती. झाकण उडालं, वाफेचा लोट उठला. मनमोहनचा हात भाजला. माई आत बसून फक्त विचारत होत्या, "निघायचं ना?" वेळ संपत आली. चार अनोळखी माणसांनी ढकलून वळवून दिलं आणि उतारावरून रडतखडत आम्ही घरी परतलो.

गॅरेजं सगळी बंद. मनमोहन कचेरीतला माणूस, पण मोटारीचं त्याला बरंच कळे. त्याने वाडीच्या अंगणातच बॉनेट उघडलं. पंख्याचा पट्टा बोटाने दाबून पाहिला, ठीक होता. रबरी नळ्या पिळून पाहिल्या, कुठे चिरलेल्या नव्हत्या. मग थर्मोस्टॅट काढला. पाणी तापलं की उघडणारी ती छोटी झडप. वासंतीने चुलीवर पातेलं ठेवलं, त्यात ती सोडली. पाणी उकळलं तशी झडप शहाण्यासारखी उघडली. तिचाही दोष नाही. मनमोहन पायरीवर बसला आणि भाजलेल्या हाताने कपाळ धरून रडला. घरात रडायची सोय नव्हती, माई आत होत्या.

मी ओरडून सांगत होतो, अरे माझ्याकडे बघ, रोग माझ्या छातीत आहे. पण आमचं ओरडणं तुम्हाला वाफ होऊनच दिसतं.

शेवटी वासंती म्हणाली, इंजिन चालू करा आणि अंगाला हात लावून बघा, माणसाचा ताप बघतात तसा. मनमोहनने माझ्यावर तळवा फिरवला. वर चटका, मधे कोमट, खाली गारढोण. त्याने इंजिन बंद केलं आणि खालची तोटी उघडली. भरलेल्या टाकीतून पाण्याची नुसती करंगळीएवढी धार आली, आणि धारेबरोबर पांढरे खडे.

माई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या कोणाला कळलं नाही. त्यांनी एक खडा उचलला, बोटांत चुरला. त्या आत गेल्या आणि न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाचं झाकण घेऊन आल्या. त्याच्या आतल्या बाजूला तोच पांढरा थर होता.

"बंबात धरतो तो खार आहे हा," त्या म्हणाल्या. "विहिरीच्या पाण्याचा. मीच पाजला."

मला त्यांची फार कीव आली. अति तेथे माती म्हणतात, ती माती माझ्या नळ्यानळ्यांत बसली होती, पण ओतणाऱ्या हाताला काय ठाऊक? त्याच हाताने त्यांनी वर्षाची साठवलेली चिंच काढली. बंब त्या चिंचेनेच साफ करायच्या. चिंचेचं कढत पाणी माझ्यात ओतायचं, इंजिन फिरवायचं, सोडून द्यायचं, पुन्हा ओतायचं. दिवेलागणीपर्यंत हेच चाललं होतं. आत आग आग होत होती. पण एकेक नळी मोकळी व्हायला लागली तसा श्वास येऊ लागला. शेवटी सोड्याच्या पाण्याने धुतलं आणि नळाचं स्वच्छ पाणी भरलं. ते माईंनीच भरलं.

दुसऱ्या सकाळी आम्ही निघालो. माईंच्या मांडीवर विहिरीच्या पाण्याने भरलेला तांब्या होता, वरून फडकं बांधलेलं. भायखळ्याचा पूल मी हसत चढलो. पण एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. इतक्या वर्षांत माझं तांबं आतून झिजलं होतं, आणि खारानेच ती भोकं बुजवून धरली होती. खार गेला, भोकं उघडी पडली. लालबागला पोचेस्तोवर मी ठिबकत ठिबकत रिता झालो. मोटार थांबली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आदल्या दिवशी तिथे गोळीबार झाला होता. मनमोहनने विरूसाठी घेतलेल्या अंगधुण्याच्या साबणाचा तुकडा भोकांत दाबून बसवला आणि पाण्यासाठी चाळीची दारं ठोठावत सुटला. एकही दार उघडेना. इस्पितळ समोर दिसावं इतकं जवळ, आणि संचारबंदी पुन्हा लागायची वेळ होत आलेली. तो हात हलवत परत आला. इंजिन जरा निवलं तशा माई धापा टाकत खाली उतरल्या. त्यांनी तांब्याचं फडकं सोडलं.

"माई, ते विरूचं आहे," मनमोहन म्हणाला.

"त्याच्यापर्यंत पोचायला तर हवं," माई म्हणाल्या आणि सगळा तांब्या त्यांनी माझ्यात रिकामा केला.

मरणाच्या दारातल्या पोराच्या वाटचं पाणी मी प्यालो. तेवढ्याने माझं भागणार नव्हतं, हे आणखी वाईट.

तेवढ्यात तळमजल्यावरची एक खिडकी किलकिली झाली, मग दार उघडलं आणि एक बाई कळशी घेऊन धावत आली. मालन तिचं नाव. नवरा गिरणीत. "आजी, माका वाटला पोलीस इले," ती म्हणाली. "काल आमच्या झिलाक धरून न्हेल्यानी." तिचाही मुलगा गेला होता, कोठडीत. तिने कळशी माझ्यात ओतली, दुसरी आणली. माईंनी आपला रिकामा तांब्या तिच्यापुढे धरला. ज्यांनी इतकी वर्षं नळाचं पाणी मोटारीलाही चालू दिलं नव्हतं, त्या माईंनी. मालनने तो काठोकाठ भरला.

मी परळला पोचलो. कसा, ते मला विचारू नका.

मी बाहेर अंगणात ठिबकत उभा होतो. आत काय झालं ते माईंनीच परतताना, माझ्या गरम बॉनेटवर हात टेकून मनमोहनला सांगितलं. तो डॉक्टरांकडे गेला होता तेव्हाची गोष्ट. विरू शुद्धीवर होता. वाडीचंच ना, असं त्याने विचारलं. त्या हो म्हणाल्या. चार घोट प्याला आणि म्हणाला, "माई, आज गोड लागतंय गं."

त्याच आठवड्यात तो गेला. त्याला आणायला मला नेलं नाही. तोवर मला काढून विहिरीच्या कठड्याशी टेकवून ठेवलं होतं आणि मोटारीला नवा रेडिएटर बसला होता.

आता मी शिवडीला एका भंगाराच्या गोदामात पडलोय. परवा रात्रभर फटाके वाजले, मुंबईसह महाराष्ट्र झाला म्हणून. गोदामातले हमाल नाचले, पेढे वाटले. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण त्या फटाक्यांच्या आवाजात एका घरी खिडक्या लावून घेतल्या असतील, हेही मला माहीत आहे.

उद्या मला भट्टीत घालणार आहेत. आगीचं भय आम्हाला नसतं, सारा जन्म तापातच काढलेला. फक्त एक विनवणी आहे. वितळवणाऱ्या बाबा, माझी तार ओढू नकोस, पत्रा ठोकू नकोस. मला पाण्याचं एखादं भांडं कर. लहान चालेल. माझ्याकडे एका मुलाचं पाणी राहिलंय.