साडेतीन आटे

भिंगवाल्याचं मनगट मोडलं ते मोटरसायकलवरून पडून नव्हे. भिंतीवरचं घड्याळ उतरवायला तो स्टुलावर चढला आणि घड्याळ छातीशी कवटाळून खाली आला. घड्याळाला ओरखडासुद्धा पडला नाही, हे तो अजून अभिमानाने सांगतो. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र तेव्हापासून पुरती मिटत नाहीत.

घड्याळदुरुस्ती उजव्या हातावर आणि डोळ्याच्या भिंगावर चालते, त्यामुळे दुकान बंद पडलं नाही. अडलं ते मोटरसायकलपाशी. क्लच डाव्या हाताने दाबायचा, आणि गाडी तिशी उलटलेली, मालकासारखीच हट्टी. त्याची मुलगी डोंगरापलीकडच्या गावात शाळेत शिकवायची. रविवारी घरी आली की गाडी विका, गाडी विका, एवढंच पालुपद. तिच्या गल्लीतला पोस्टमन गाडी घ्यायला टपूनच बसला होता. शेवटी तिनेच अट घातली. घाट चढून माझ्या दारापर्यंत स्वतः चालवत या, वाटेत गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही. आलात, तर हा विषय मी जन्मात काढणार नाही. नाही जमलं, तर किल्ली पोस्टमनकडे. भिंगवाला क्षणाचाही विचार न करता हो म्हणाला. विचार त्याने नंतर केला, रात्रभर.

सोबतीला दोन मित्र. एक गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री. दुसरा केमिस्ट, ज्याला सगळे डोस म्हणत, कारण कुणी विचारो न विचारो, तो सल्ल्याचा डोस पाजल्याशिवाय राहायचा नाही. तिघांनी मिळून पस्तीस वर्षं डोंगर पालथे घातले होते, आणि तिघांच्या गुडघ्यांनी आता तक्रार सुरू केली होती.

सोमवारी सकाळी निघाले. पहिल्या गावापर्यंत सगळं सुरळीत झालं. दगडी रस्ता, दोन्ही बाजूंना उंच अरुंद घरं, खिडक्यांतून वाळत टाकलेल्या चादरी. एका बेकरीसमोर थांबून तिघांनी गरम पाव खाल्ले. भिंगवाला आतल्या नळावर हात धुवायला गेला, तो परत आला तेव्हा दोघे मित्र नको तितके गप्प होते. त्याला वाटलं, दमले असतील.

दुसरं गाव डोंगराच्या कुशीतलं, सगळे रस्ते तिरपे. तिथून खरा चढ सुरू होत होता. गावाबाहेरच्या दुसऱ्याच वळणावर गाडीने दगा दिला. इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होतं आणि चाक जागचं हलायला तयार नव्हतं. करपल्याचा वास आला. मागून आलेला भाजीचा टेम्पो हॉर्न वाजवत पुढे निघून गेला. भिंगवाल्याने कशीबशी गाडी कडेला घेतली आणि कठड्यावर बसला.

क्लच घसरत होता. आपल्या हाताचाच हा दोष, असं त्याला वाटलं. आखडलेली बोटं क्लचच्या दांडीवर टेकूनच राहत असतील, ती अर्धवट दाबली जात असेल. समोर घाटाचा रस्ता वर वर गेलेला दिसत होता, आणि त्याला फार वाईट वाटलं. गाडीचं दुःख होतंच. पण आज ही गेली, तर उद्या मुलगी दुकानाकडे बोट दाखवेल, परवा जिन्याकडे. मग खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघायचं, एवढंच उरेल.

डोस म्हणाला, जीव महत्त्वाचा. मिस्त्री म्हणाला, तू माझी गाडी घे, मी तुझी हाकतो, पोरीला कोण सांगतंय. भिंगवाल्याने दोघांकडे बघितलंही नाही. दुकानात घड्याळ आलं की तो आधी उघडत नाही, आधी बघत बसतो. आत्ताही तो बघत बसला. मग खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि दांडीशी वाकला.

क्लचची केबल ताणायला दांडीपाशी एक छोटी चाकी असते. ती फिरवली की फेऱ्यागणिक एक आटा बाहेर येतो आणि केबल ताणली जाते. भिंगवाल्याची एक सवय होती. हाताखालून गेलेल्या प्रत्येक घड्याळाच्या स्क्रूवर तो नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. पुढे कुणी ते उघडलं की ठिपका जागेवरून हललेला दिसायचा. या चाकीवरही तसाच ठिपका होता, शनिवारी जागेवर बघितलेला. आता तो बरोबर उलट्या बाजूला होता. बाहेर दोन आटे दिसायला हवेत, तिथे साडेतीन दिसत होते.

"माझ्या गाडीला हात कुणी लावला?"

मिस्त्रीने कान खाजवला. डोसला एकदम दरीतला देखावा बघावासा वाटला.

बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर मिस्त्री कबूल झाला. बेकरीपाशी, डोसचं लक्ष नसताना, अर्धा फेरा फिरवला होता. केबल ताणली की दांडी थोडी दाबूनही भागतं, तुझ्या बोटांना आराम. मग डोसनेही मान खाली घातली. मिस्त्री पावाचे पैसे द्यायला आत गेल्यावर त्यानेही अर्धा फेरा दिला होता. पूर्वी एकदा मिस्त्रीला तसं करताना बघितलं होतं म्हणे. केबल इतकी ताणली गेली होती की दांडी सोडली तरी क्लच दाबलेलाच राहायचा.

"औषधाचा डबल डोस दिलास तर माणूस मरतो, हे तुला मी सांगायचं?" मिस्त्री डोसवर उखडला.

"तू आधी दिलास ते सांगितलंस का?"

भिंगवाला हिशेब करत होता. तुझा अर्धा, याचा अर्धा. झाला एक. मग आणखी अर्धा कुणाचा? दोघांनी शपथा घेतल्या. पस्तीस वर्षांत खोट्या शपथा कशा दिसतात ते त्याला चांगलं माहीत होतं. या खऱ्या होत्या.

तापलेला क्लच निवेपर्यंत त्यांनी अर्धा तास काढला. मग भिंगवाल्याने चाकी दीड फेरा मागे फिरवली आणि ठिपका जागेवर आणला. मिस्त्री म्हणाला, पाव फेरा तरी राहू दे, आता दांडी पार मुठीपर्यंत ओढावी लागेल. भिंगवाला म्हणाला, ओढीन.

ओढली. चालणारी दोन बोटं दांडीवर आणि जोर सगळा कोपरातून. वळण यायच्या कितीतरी आधी तो गिअर ठरवून टाकायचा, म्हणजे एकदाच दाबावं लागे. सातव्या वळणापर्यंत मनगट ठणकायला लागलं. पंधराव्यापर्यंत ते आपलं आहे असंच वाटेना. मित्र मागून येत होते, पुढे जायची दोघांचीही छाती नव्हती. तो थांबला नाही.

खिंड ओलांडून उतारावरच्या गावात गाडी शिरली तेव्हा शाळा नुकती सुटली होती. मुलगी दारात उभी होती, शेजारी पोस्टमन. मिस्त्रीने पोस्टमनच्या खांद्यावर हात टाकून त्याला कोपऱ्यापर्यंत नेलं आणि बरंच काही समजावलं.

भिंगवाला उतरला. डावा हात सुजला होता, तो त्याने पाठीमागे धरला. मुलीने बापाच्या तोंडाकडे बघायच्या आधी दांडीकडे बघितलं. चाकीकडे. तेवढ्यावरून त्याला कळलं.

"रविवारी तू फिरवलीस?"

"अर्धाच फेरा," ती म्हणाली. "इंटरनेटवर बघून. बोटांना हलकं जातं म्हणे."

"गाडी विकायची होती ना तुला?"

"होती. अजून आहे. पण बाबा, तुम्ही हरलेलं मला नको होतं."

भिंगवाल्याने पाठीमागचा हात पुढे काढला आणि तिला दाखवला. तिने तो दोन्ही हातांत धरला. ओरडली नाही, की विषय काढला नाही.

"नेलपॉलिश आहे घरात?" त्याने विचारलं.

ती आत जाऊन बाटली घेऊन आली. भिंगवाल्याने भिंग डोळ्याला लावलं, पण सुजलेल्या डाव्या हातात बाटली धरवेना. त्याने भिंग काढून तिच्या हातात दिलं.

"तू दे ठिपका," तो म्हणाला. "नीट बघून दे. दोन आट्यांवर."