डोक्यातली चिठ्ठी

मी आगाऊ बोलतोय. आगाऊ हे माझं नाव, आणि स्वभावही तोच. एक भुवई कायमची वर चढलेली, अंगात चौकटीचा कोट, पाठीला हात जाईल एवढं भोक, असा मी एक लाकडी बाहुला आहे. सत्तेचाळीस वर्षं मी लोकांसमोर तोंड वाजवलं, पण त्यातला आवाज माझा नव्हता. मला मांडीवर घेऊन बसणारा माझा बोलविता धनी ओठ न हलवता बोलायचा आणि लोक माझ्याकडे बघून हसायचे. आता तो नाही, आणि माझा जबडा सरस लावून चिकटवून टाकलाय. म्हणजे आज जे सांगतोय ते पहिल्यांदाच माझं स्वतःचं आहे. ऐकू येत नसेल तर काचेच्या जरा जवळ या.

माझा जन्म एका मोडक्या टेबलातून झाला. धनी पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक विभागात कारकून होता. तिथल्या सभागृहात एक मोठं गोल टेबल होतं. त्याच्याभोवती चाळीस वर्षं बैठका झाल्या आणि शेवटी टेबलच कंटाळून खचलं. त्याचा मधला जाडजूड खांब धन्याने मागून घेतला. सुताराने त्यातून माझं डोकं कोरलं, आतून पोकळ केलं, जबड्याला बिजागरी बसवली आणि मागे एक चाप दिला. सुतार म्हणाला, "लाकूड चांगलं मुरलेलं आहे. बरंच काही ऐकलंय त्याने."

धन्याचा एक नियम होता. ज्याची टर उडवायची, तो पहिल्या रांगेत बसलेला असला पाहिजे. कार्यक्रमाआधी तो स्वतः त्या माणसाच्या घरी जाऊन आमंत्रण द्यायचा. "समोर केली तर चेष्टा, पाठीमागे केली तर चुगली," असं तो म्हणायचा. दुसरं म्हणजे पहिल्या दोन टोमण्यांचा मान त्याचा स्वतःचा. मी त्याच्या टकलावरून, त्याच्या हस्ताक्षरावरून, तीनदा हुकलेल्या बढतीवरून त्याला सोलून काढायचो. मगच रांगेतल्या माणसाकडे मान वळवायची.

आमचा पहिला कार्यक्रम कार्यालयाच्या स्नेहसंमेलनात झाला. पहिल्या रांगेत खुद्द मोठे साहेब बसले होते, शेजारी त्यांच्या पत्नी. धनी मला म्हणाला, "अरे, सकाळी सहा ते सात पाणी येईल असं कार्यालयाचं पत्रक आहे."

मी म्हणालो, "पत्रक तर रोज येतं. तेच प्यायचं का?"

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. आणि मग त्यांच्या पत्नी अशा काही हसल्या, की त्यांना पदर तोंडात कोंबावा लागला. मग साहेबही हसले. मग सगळेच. कार्यक्रम संपल्यावर साहेब माझ्यासमोर आले आणि माझा लाकडी हात हातात घेऊन म्हणाले, "लेका, तू माझी बिनपाण्याने केलीस." त्या महिन्यात पाणी वेळेवर आलं. पुढे पुन्हा रखडायला लागलं, ते सोडा. पण दर वर्षी साहेब आपणहून पहिल्या रांगेत येऊन बसायचे. माझ्याकडून त्यांच्या वाट्याला काही आलं नाही, तर त्यांना चुकल्यासारखं व्हायचं.

धन्याची नात माझ्या मांडीला मांडी लावून वाढली. तिला सगळे छकुली म्हणायचे. नवव्या वर्षी ती आरशासमोर उभी राहून माझा आवाज काढायला शिकली. ही विद्या दिसते तेवढी सोपी नाही. प, ब, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, म्हणून ती जिभेने चोरून काढावी लागतात. सुरुवातीला तिच्या 'बाबा'चे 'दादा' व्हायचे आणि 'मामा'चे 'नाना'. धनी पोट धरून हसायचा. बारा वर्षांची झाली तेव्हा ती इतकी तयार झाली, की एकदा तिने माझ्या तोंडून धन्यालाच विचारलं, "आजोबा, तुम्ही ओठ हलवता ते वयामुळे, की पहिल्यापासूनच?" धन्याने त्या दिवशी घरभर सांगितलं, "माझी सोय झाली!"

ती गुणी पोर होती. धन्याचे सगळेच विनोद काही सोन्याचे नव्हते. बायकांच्या वजनावर, तोतऱ्या माणसावर असलेले काही विनोद तिने काढायला लावले. "आजोबा, हे पहिल्या रांगेवर नाहीत. हे जे आधीच कोपऱ्यात बसलेत त्यांच्यावर आहेत," असं ती म्हणाली. धनी दोन दिवस फुरंगटून बसला, मग त्याने ते काढून टाकले. खरं सांगतो, मलाही हलकं वाटलं.

पण हळूहळू समोरच्या खुर्च्यांवरची माणसं बदलत गेली. नवी मुलं हसत नव्हती असं नाही. हातातल्या फोनवर मांजर घसरून पडलं तरी ती खदखदून हसायची. मी बोललो की मात्र आधी एकमेकांकडे बघायची. हसावं की न हसावं, हे त्यांना शेजाऱ्याच्या तोंडावरून ठरवायचं असायचं. आणि शेजारीही तेच करत असायचा.

मग एका कॉलेजात कार्यक्रम झाला. पहिल्या रांगेत पाणीपुरवठ्याचे नवे साहेब होते, वयाने तरुण. टेकडीवरच्या वस्तीत आठ दिवस पाणी नव्हतं. धन्याने ते सांगितलं आणि मी म्हणालो, "बरंच झालं की! गरिबांना पाणी दिलं की ते पितात. मग रोज मागतात. उगाच सवय कशाला लावायची?" आणि मान वळवून विचारलं, "काय साहेब, बरोबर ना?"

कोणी हसलं नाही. नवे साहेब आभार मानायला उठले आणि अगदी मनापासून म्हणाले, "पाणीबचतीचा इतका मोलाचा संदेश दिल्याबद्दल मी आजोबांचा ऋणी आहे." टाळ्या पडल्या. मी आयुष्यात एवढा कधी घाबरलो नव्हतो. जबडा उघडा तो उघडाच राहिला.

खरं संकट दुसऱ्या दिवशी आलं. कोणीतरी बारा सेकंदांचा व्हिडिओ फिरवला होता. त्यात मी होतो, धनी होता, माझं वाक्य होतं. फक्त साहेबांकडे वळलेली मान नव्हती. पहिली रांगच कापून टाकली होती. खाली हजारो लोकांनी लिहिलं, गरिबांची चेष्टा करणारा म्हातारा. छकुलीच्या वर्गातल्या मुलींनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती रडून रडून लाल झालेले डोळे घेऊन धन्यासमोर बसली.

"आजोबा, माफी मागून टाका."

"कोणाची? साहेबांची की गरिबांची?"

"कोणाचीही. मी लिहून देते, तुम्ही फक्त हो म्हणा."

"पण छकुले, मी गरिबांच्या बाजूने बोलत होतो गं."

"मला कळतंय ते. पण ज्यांना वाईट वाटलं त्यांना काय सांगू? एकेकाला घरी बोलावून समजावू का?"

धन्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग 'हो' म्हणाला. माफी हा शब्द ओठ मिटल्याशिवाय उच्चारणं सगळ्यांत अवघड. त्याने तो माझ्या तोंडी कधी घातला नव्हता. त्या दिवशी तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला, आणि मला पेटीत ठेवून दिलं.

मी छकुलीला दोष देत नाही. आमच्या वेळी एखादा टोमणा फसला तर आठ दिवसांत विसरला जायचा. तिच्या पिढीचं एकेक वाक्य कुठेतरी कायमचं जपून ठेवलेलं असतं, आणि दहा वर्षांनी नोकरी देणारा तेच काढून समोर धरतो. अशा धाकात जीभ मऊ होणारच. पण मला वाईट वाटतं. पोटातून आलेलं हसू ओठापर्यंत येऊन मागे फिरताना मी पाहिलंय, म्हणून वाटतं.

त्यानंतर दोन वर्षांनी धन्याच्या गळ्याला गाठ आली. शस्त्रक्रिया झाली आणि आवाज गेला. माझाही गेला, हे वेगळं सांगायला नको. तो वहीवर लिहून बोलायला लागला. एका दुपारी त्याने मला पेटीतून काढलं, मांडीवर घेतलं आणि एक कागद लिहायला बसला. एक ओळ लिहायची, माझा चाप दाबून जबडा हलवून बघायचा, आवाज नसतानाच खांदे हलवत हसायचं, मग पुढची ओळ. कागद पुरा झाल्यावर त्याची घडी करून माझ्या डोक्याच्या पोकळीत सरकवली. छकुलीला बोलावून वहीवर लिहिलं, 'माझ्या शोकसभेत हा बोलणार. शब्द आत ठेवलेत. आवाज तुझा.'

तिने त्याचा हात धरून मान हलवली. वचन दिलं. मी साक्षीदार आहे.

शोकसभा त्याच कार्यालयाच्या सभागृहात झाली. छकुलीला नोकरी लागून तीनच महिने झाले होते, तिचे वरिष्ठही आले होते. पहिल्या रांगेत जुने साहेब बसले होते, हातात काठी, कानाला यंत्र. आत येताना सगळ्यांना सांगत होते, "आज माझी शेवटची हजामत आहे. चुकवून कसं चालेल?"

रंगमंचामागच्या खोलीत छकुलीने माझ्या डोक्यातून चिठ्ठी काढली आणि वाचायला लागली.

'मी गेलो. आवक-जावकचा कारकूनच गेल्यावर नोंद कोण करणार, म्हणून स्वतःच जावक क्रमांक टाकून निघालोय. आज जे जे माझं कौतुक करतील त्यांची नावं लिहून घ्या, हयातीत त्यांनी एकदाही चहा पाजला नाही. साहेब आलेच असतील. त्यांना सांगा, वर पाणी चोवीस तास आहे, पत्रक कुठेच दिसलं नाही.'

छकुली हसली. फस्सकन, पूर्वीसारखी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि पुढच्याच क्षणी तिने तोंडावर हात ठेवला आणि कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून दाराकडे बघितलं. तेवढ्यात तिच्या नावाचा पुकारा झाला. शेवटची ओळ वाचायची राहिली. तिने चिठ्ठीची घडी केली आणि परत माझ्या डोक्यात ठेवली.

रंगमंचावर ती मला मांडीवर घेऊन बसली. समोर पन्नास-साठ फोन वर झाले. जुने साहेब कानाचं यंत्र नीट करून पुढे वाकले होते. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोल पोरी, नुसतं पत्रकाचं बोललीस तरी पुरे.

माझा जबडा उघडला आणि माझ्या तोंडून शब्द आले, "आजोबा, तुम्ही फार थोर होतात. तुमची खूप आठवण येते."

एकही ओठ हलला नाही. प नाही, म नाही, काही चुकलं नाही. लोकांनी डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या. ज्याने जन्मभर कोणाची खोटी स्तुती केली नाही, त्याची स्तुती त्याच्याच बाहुल्याने केली, आणि माझ्या लाकडाला तडा गेला नाही याचंच मला आश्चर्य वाटतं.

सभा संपल्यावर जुने साहेब काठी टेकत आले. छकुलीशी ते बोलले नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "काय रे, आज मला काहीच नाही?"

छकुलीचा हात माझ्या पाठीतच होता. तिने चाप दाबला नाही. साहेबांनी माझ्या कोटाची कॉलर सारखी केली आणि ते गेले. पाठीतून हात काढून घेताना ती मला छातीशी धरून रडली. धन्यासाठी रडली की त्या न बोललेल्या वाक्यासाठी, ते तिचं तिलाच माहीत.

आता मी याच सभागृहाबाहेर काचेच्या कपाटात आहे. खाली धन्याचं नाव आणि 'निखळ मनोरंजन' अशी पाटी आहे. माझा जबडा लोंबायचा, तो फोटोत बरा दिसत नाही म्हणून कोणीतरी सरस लावून मिटवून टाकला. तरुण मुलं माझ्यासोबत फोटो काढतात आणि म्हणतात, "कित्ती गोड!" सत्तेचाळीस वर्षांत मला कोणी गोड म्हटलं नव्हतं.

छकुली कधीमधी येते, काचेला हात लावून उभी राहते. तिचे ओठ हलत नाहीत, पण गळा हलतो. ती आतल्या आत माझा आवाज काढून बघत असते, हे मला दिसतं. मला हाक मारता येत नाही.

तुम्ही इथवर ऐकलंत, तर एवढं काम कराल? ती भेटली तर तिला सांगा, चिठ्ठी अजून माझ्या डोक्यात आहे आणि तिची एक ओळ वाचायची राहिली आहे. ती धन्याने सगळ्यांत शेवटी, हसू थांबल्यावर, हळूहळू लिहिली होती.

'छकुले, आता मोकळेपणाने हस. ज्याची चेष्टा चालली आहे तो मेलाय, त्याला वाईट वाटणार नाही.'