सोळाच्या रिमला पंधराचा टायर

...टायरच्या कडेवर उठून आलेले आकडे — दोनशे पाच, पंचावन्न, शेवटी सोळा — तिनं माऊसनं स्क्रीनवरचा टायर हळूच फिरवला, जणू वाचताच येत नव्हते. शेजारची उघडी रिमही सोळाचीच. खोलीत सुट्टीची लांबलचक दुपार पसरली होती, आणि फोनमध्ये दादा वाट बघत होता.

"पंधराचा बसेल का रे यावर?"

"वेडाबाई, सोळाच्या रिमला सोळाच लागतो. कितीदा सांगू?"

कितीदाही सांग... आई होती तोवर फोनला विषय होता — तिची औषधं, तिचं पथ्य, तिचे रुसवे. ती गेली आणि दोघं 'बाकी काय?' 'बाकी काही नाही' यावर येऊन ठेपले. मग 'ठेवतो'. शेवटी त्यानंच हा मोटारदुरुस्तीचा गेम तिच्या गळ्यात मारला. तिची स्क्रीन त्याला तिकडे दिसायची. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर दिवसभर अचूक लेबलं लावणारी ती, इथं मुद्दाम भलताच टायर उचलायची — चुकलं की तो समजावत बसायचा; बरोबर आलं की काम उरकायचं, आणि उरकलं की 'ठेवतो'. लाज वाटायची. पण भुकेल्याला कसली आलीय लाज...

तीन चाकं झाली. आज बास, त्यालाही घरदार आहे — असं मनाशी म्हणत चौथ्यासाठी ती सरळ सोळाच्या टायरवर गेली.

"तो नको," दादा म्हणाला. "पंधराचा घे."

"पंधराचा?"

"हं. घे तर."

तिनं घेतला. स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली — माप जुळत नाही. आकड्यांत कधी न चुकणारा दादा... आणि त्याच्या मागं इतक्या वेळात वहिनीची हाक नाही, भांड्याचा आवाज नाही. मागच्या फोनलाही नव्हता. त्याच्या मागच्याही.

"चुकलंच की," तो म्हणाला. आवाजात घाई नव्हती. "आता परत शोधावं लागणार."

वहिनी कुठंय, हा प्रश्न जिभेवर आला आणि तिथंच अडला. आपणच एकटी त्याला फोनवर धरून ठेवतोय, असं ती समजत होती... छातीत काहीतरी सैल झालं, आणि त्या सैल जागेत लगेच भीती येऊन बसली.

"शोधू या," ती म्हणाली, आणि ज्याची काहीच गरज नव्हती त्या यादीतल्या अगदी पहिल्या टायरपासून सावकाश वाचू लागली — "तेरा..."

"हं," दादा म्हणाला. "पुढं?"