दोन बारा

"कार्डाच्या पावतीवर 'पैसे मिळाले' आणि बँकेत एक फिल्ससुद्धा नाही! ओळखीपाळखीच्यांना फुकट वाटतेस काय? चोर!"

अम्मानमधल्या त्या मिठाईच्या दुकानाचा मालक अबू गस्सान असा गरजला, की रस्त्यापलीकडच्या न्हाव्याचा वस्तरा थबकला.

वरच्या गल्ल्यावरची रुदैना ताडकन उठली. "जिभेला हाड आहे का, हाज्ज? तुमच्या चारही पोरांच्या लग्नातले डबे याच हातांनी बांधलेत!"

इतक्यात आतून हाक आली, "बारा नंबर!"

एरवी दोन गल्ल्यांच्या माल देण्याच्या खिडक्या दोन. पण आज एक भट्टी विझलेली असल्यामुळे खिडकी एकच होती. एकाच ताटावर दोन हात पडले.

"बारा माझा," एक टॅक्सीवाला म्हणाला.

"तुझा कसला, मेल्या? ही बघ माझी पावती!" म्हातारी उम्म जुहैर कडाडली.

रुदैनाने दोन्ही पावत्या हिसकावल्या. तारीख तीच, क्रमांकही तोच.

यंत्र बसवणाऱ्याने क्रमांकाआधी गल्ल्याची खूण ठेवली होती. कोणत्याही दोन मागण्यांचा क्रमांक जुळू नये, एवढ्याचसाठी. ती अबू गस्सान हाज्जनेच हट्टाने काढायला लावली होती. दिवसाची पहिली विक्री, इस्तिफ्ताह, बरकतीची. तेव्हा दोन्ही गल्ल्यांवर निखळ 'एक' हवा! दाराजवळच्या खालच्या गल्ल्यावर गर्दी जास्त, म्हणून त्याचा प्रत्येक आकडा आधी बँकेत पोहोचे. मागून वरच्या गल्ल्याचा तोच आकडा आला, की एकाच मागणीचे पैसे दोनदा घेतले जाऊ नयेत म्हणून बँक नुसते 'मिळाले' म्हणे आणि काहीच वसूल करत नसे. बरकत मालकाची आणि बट्टा मात्र रुदैनाला, असा हा न्याय होता.

हाज्ज पुटपुटला, "बरं, यंत्राचा घोळ झाला. बस जागेवर."

"चोर म्हणताना आवाज रस्ता ओलांडून गेला. आता घशात काय अडकलं?"

"नोकरांसमोर माफी मागू मी? या वयात?"

रुदैनाने एप्रन काढला, घडी करून गल्ल्यावर ठेवला आणि ती चालू लागली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडते न उघडते तोच ती दारात हजर होती, गिऱ्हाइकांच्या बाजूला.

"पहिल्या गिऱ्हाइकाला रिकामं परतवत नाहीत ना, हाज्ज? अर्धा किलो कुनाफा द्या. पैसे देतेच. वर एक वाक्य हवं: रुदैना चोर नाही. न्हाव्याला ऐकू जाईल असं."

हाज्जने समोर पाहिले. न्हावी आपल्या उंबऱ्यावर उभा होता. हाज्जने एक किलो कुनाफा भरला, डब्याला दोरी बांधली आणि तो पुढे सरकवला.

"ने. पैसे नकोत. कालचं सोडून दे, बाई."

रुदैनाने डब्याला हात लावला नाही. पर्स मिटली आणि पायऱ्या उतरून ती निघून गेली.

न्हावी रस्ता ओलांडून आला. "काय हाज्ज, इस्तिफ्ताह झाली?"

हाज्जने मान खाली घालून डब्याची दोरी सोडायला घेतली.