नमुन्याचं पाणी

बाटली हातात घेतली आणि चिमीचं डोकंच फिरलं. बाटली कोमट होती. सकाळी सहाला नळाचं पाणी कोमट कसं असेल?

विद्यापीठात पाच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र घासून ती आपल्याच गावच्या पाणीपुरवठा प्रयोगशाळेत लागली होती, तीही आपणहून अर्ज करून. "एवढं शिकून गल्लीतलं पाणी भरतेस?" असं मामा येता-जाता विचारायचे. तेवढ्यात गल्लीतली अकरा मुलं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. चिमीने घरोघर निर्जंतुक बाटल्या वाटल्या. पाणी आलं की बाटली नळाखाली धरा, झाकण लावा, बस्स. दोनदा नमुने तपासले, दोन्हीदा पाणी निर्मळ! साहेब म्हणाले, "मॅडम, पाण्यात काही नाही. आज शेवटचे नमुने घ्या, मग फाइल बंद." आणि इकडे कालपासून शेजारच्या काकूंचा नातूही सलाइनवर. पाइप नक्की फुटला असणार, पण कोणत्या घरांना घाण पाणी येतंय हे कळल्याशिवाय खणायचं तरी कुठे?

"आई, हे पाणी उकळलंयस?"

"मग! दर वेळी उकळून, गाळून, गार करून देते. आज जरा घाई झाली." आईचा चेहरा कौतुकाच्या अपेक्षेने फुलला होता. "आणि मी एकटीच नाही हं. सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय, पोरीची पहिली नोकरी आहे, निकाल चांगला लागला पाहिजे."

चिमीने बाटलीतलं पाणी मोरीत ओतून टाकलं.

"अगं, परीक्षा माझी नाहीये! पाण्याची आहे!"

"तेच ते. पाणी नापास झालं तर बोलणी कोण खाणार? तूच ना?"

या बाईपुढे हात टेकले. "आणि प्यायला? तेही उकळूनच घेता?"

"प्यायला कशाला? एवढा गॅस कुठून आणायचा? बाटलीपुरतं उकळतो."

चिमीला किंचाळावंसं वाटलं. पण नळ जायला जेमतेम अर्धा तास उरला होता. तिने पिशवीतल्या कोऱ्या बाटल्या आईपुढे आदळल्या. "काकूंचा नातू तेच पाणी पीत होता, आई. ते घाण पाणी शोधायलाच मला नेमलंय. आणि तुम्ही सगळ्या मिळून ते माझ्यापासून लपवताय!"

आईचा चेहरा उतरला. बाटल्या उचलून ती अनवाणीच दारोदार निघाली.

दुसऱ्या दिवशी तीन बाटल्या वाईट निघाल्या. एक त्यांच्या घरची आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची एकेक. दुपारी त्यांच्या दारासमोरच कुदळी पडू लागल्या. कमरेएवढं खणल्यावर तडकलेला पाइप दिसला. वरून गटाराचं पाणी त्यात झिरपत होतं.

आई खड्ड्याच्या काठाशी उभी होती. चिमी तावातावाने तिच्याकडे गेली.

"पहिल्याच दिवशी बाटली नळाखाली धरली असती," आई खाली बघतच म्हणाली, "तर ते पोर आज दवाखान्यात नसतं गं."

चिमी कालपासून नेमकं हेच सुनावायचं ठरवून बसली होती. आईच्या तोंडून मात्र तिला ते ऐकवेना.