नव्या घराची पीयूसी

मित्रांनो, मी एक जुना हवामापक आहे आणि सध्या माझा नुसता संताप होतो. माझ्यासारखं कुणी तुमच्या ओळखीत बहुधा नसेल. जेवणाच्या डब्याएवढा माझा देह, पुढे आकडे दाखवणारी काच आणि बाजूला हवा आत ओढून घ्यायचं एक भोक. तेच माझं नाक. नवी इमारत उभी राहिली की माणसं राहायला येण्याआधी मला आत नेतात आणि मी तिथली हवा हुंगतो. रंगाची, पॉलिशची, प्लायवूडच्या गोंदाची वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण नव्या घरात ती कित्येक महिने निघत राहते. तुम्ही तिला कौतुकाने 'नव्या घराचा वास' म्हणता. म्हणा बापडे.

माझ्या पोटातले नाजूक भाग परदेशातून आले, पण पत्र्याची पेटी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये वाकवली गेली. म्हणून मी स्वतःला भोसरीकरच समजतो. घरांची हवा तपासून देणाऱ्या स्वरूपाताईंनी मला घेतलं तेव्हा माझा काय थाट होता! वेगळी पिशवी, पुसायला मऊ फडकं. चाकणपर्यंतच्या किती नव्या इमारती मी त्यांच्या स्कूटीवरून पालथ्या घातल्या. पुढे माझी बॅटरी लवकर उतरू लागली, काचेला चरा गेला, फडकं हरवलं. त्याचं मला फारसं दुःख नाही. मी खरं सांगायचं आणि लोकांनी ते कुणाला कळूच द्यायचं नाही, याने मात्र माझा जीव जळतो.

आता इंदुताईंच्या घराचंच सांगतो. इंदुताई मूळच्या बीडकडच्या. कारखान्यात कामाला लागलेल्या मुलासोबत, ज्ञानेशसोबत, त्या भोसरीत आल्या आणि भाड्याच्या एका खोलीत संसार मांडला. ज्ञानेशचं लग्न झालं, वर्षाली घरात आली, दीक्षा जन्मली. खोलीला लागूनच पावडर कोटिंगचं, लोखंडावर रंगाची भुकटी भाजून बसवायचं वर्कशॉप होतं. दीक्षाच्या छातीत लहानपणापासून दम. झोपली की श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजायची. त्या शिट्टीपायीच या लोकांनी चाकणच्या रस्त्याला नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. लेकराला मोकळा श्वास मिळावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

राहायला जाण्याआधी हवा तपासून घ्यायची, हा हट्ट वर्षालीचा. तिच्या कंपनीत पेंट शॉपची, म्हणजे रंगकामाच्या विभागाची हवा तपासतात, हे तिने पाहिलं होतं. ज्ञानेश हसला. म्हणाला, "आता घराची पण पीयूसी काढायची का?" पण त्याने स्वरूपाताईंना फोन केला. ताईंनी त्याला बजावलं की आदल्या संध्याकाळपासून सगळी दारं-खिडक्या बंद ठेवायची. कारण कोंडलेल्या घरातच खरी हवा कळते. त्याने त्याप्रमाणे सगळं बंद केलं, कुलूप लावलं.

दुसरी किल्ली इंदुताईंकडे होती.

स्वरूपाताई येणार म्हणून इंदुताई सकाळी लवकर पोचल्या. परकं माणूस घरी येणार म्हटल्यावर बीडकडची काय, कुठलीही घरंदाज बाई जे करेल, तेच त्यांनी केलं. सगळ्या खिडक्या उघडल्या, झाडून घेतलं, गोमूत्र शिंपडलं, देवाच्या फळीवर उदबत्ती लावली. वारा खेळू दिला. मग बंद ठेवायला सांगितलंय हे आठवून आम्ही पोचायच्या थोडं आधी सगळ्या खिडक्या पुन्हा लावून घेतल्या.

मला पिशवीतून बाहेर काढलं आणि माझा वरचा, धुराचा आकडा उसळला. बिल्डरचा माणूस सुजित तिथेच उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, उदबत्ती हाय ती. देवाला पण नापास करणार का राव?" सगळे हसले. रंग-गोंदाच्या वाफेचा आकडा खालच्या बाजूला असतो. तो कमी होता, पण हळूहळू वाढत होता, कारण बंद खिडक्यांमागे वाफ नुकती कुठे साठायला लागली होती. 'थांबा, मला अजून थोडा वेळ ठेवा,' असं मला ओरडायचं होतं. मला तोंड नाही हो, नुसतं नाक आहे!

ताईंनी विचारलं, "कालपासून बंद होतं ना?"

"हो, मीच कुलूप लावलं," ज्ञानेश म्हणाला. तेही खरंच होतं.

ताईंची पुढची भेट ठरलेली होती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मला बंद केलं आणि राहायला हरकत नाही असं सांगितलं. इंदुताईंनी मला हळदीकुंकू लावलं. आयुष्यात माझी इतकी शोभा कधी झाली नव्हती.

मुहूर्तावर वास्तुशांत झाली. बिल्डरने फुकट दिलेलं मोठं कपाट दीक्षाच्या खोलीत होतं, त्यालाच लागून तिचं अंथरूण टाकलं. रस्त्यावर कंटेनरची वर्दळ आणि धूळ, म्हणून खिडक्या कायम बंद. आठवडा उलटायच्या आत शिट्टी परत आली आणि पहिल्यापेक्षा मोठी. दवाखान्यात मशीनने औषधाची वाफ द्यावी लागली. वर्षालीने पुन्हा फोन केला आणि या वेळी किल्ली स्वतःच्या कमरेला अडकवली.

या खेपेला माझी बॅटरी भरलेली होती आणि घर रात्रभर बंद होतं. ताईंनी कपाटाचं दार उघडून मला आत धरलं. आत प्लायवूडच्या कडा उघड्याच होत्या, ना रंग, ना पट्टी. खालचा आकडा असा चढला की मला चक्कर यायची बाकी होती.

सुजित आला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "जुनं डबडं झालंय ते, मॅडम. आमच्या गेटवरचं बघा, कायम हिरवं." गेटवर त्यांनी एक चकचकीत हवामापक टांगलाय. उघड्यावर, वाऱ्याच्या झोतात! तिथे कुणीही हिरवाच राहील.

ताई चक्रावल्या. मागच्या वेळी एवढा कमी आणि आज एवढा कसा? त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. माझ्यावरच संशय. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून इंदुताई म्हणाल्या, "त्या डब्याला नावं ठिवू नका. त्या दिशी सकाळी म्याच उघडल्या व्हत्या खिडक्या. परकं माणूस घरी यायलंय अन् घर कोंदट ठेवावं का?"

"आई, सांगायचंस ना!" ज्ञानेश चिडला.

"मला कुणी इचारलं? बंद ठेवा म्हनलं. का ठेवा, ते सांगितलं का कुणी?"

इंदुताईंवर चिडायला मीही तयार होतो, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ताईंनी खाली पाहिलं. मग त्यांनी इंदुताईंना जवळ बसवलं, माझा खालचा आकडा दाखवला आणि कोंडल्याशिवाय वाफ का कळत नाही, ते शांतपणे समजावून सांगितलं. हेच आधी केलं असतं तर?

वर्षाली त्याच दुपारी दीक्षाला घेऊन खेडजवळच्या माहेरी गेली. कपाट सुजितच्या लोकांनी नेलं, तेही बऱ्याच कटकटीनंतर. पण गोंदाची वाफ भिंतीत, गादीत, पडद्यांत मुरलेली असते. इंदुताईंनी मात्र घर सोडलं नाही. दिवसभर खिडक्या सताड उघड्या ठेवून त्या धूळ पुसत बसायच्या. शेजारीपाजारी म्हणायचे, म्हातारीला वेड लागलंय.

परवा आम्ही तिसऱ्यांदा गेलो. आदल्या संध्याकाळपासून खिडक्या बंद होत्या आणि इंदुताई बाहेर जिन्यात बसून होत्या. सकाळी सुजित गॅलरीची गळती बघायला आला, तर त्यालाही त्यांनी आत सोडलं नाही. "डब्याचं काम होऊ द्या आधी," म्हणाल्या.

मी हॉलमध्ये हुंगलं. बरं होतं. मग दीक्षाच्या खोलीत गेलो. आकडा मागच्यापेक्षा पुष्कळ उतरला होता, पण लहान मुलाने झोपावं एवढा नाही. इंदुताईंनी माझ्या काचेवर वाकून पाहिलं. "खरं सांग बाबा," त्या मला म्हणाल्या. मी खरं तेच दाखवलं. मला दुसरं काही येतच नाही.

तेवढ्यात माहेरून दीक्षाचा फोन आला. ताईंनी स्पीकर लावून दिला.

"आजी, माझी खोली बरी झाली का गं?"

इंदुताईंनी पदराने माझी काच पुसली. मग म्हणाल्या, "न्हाई बाळा, अजून. वाऱ्याला बसवलीय तिला." फोन ठेवून त्या उठल्या आणि एकेक खिडकी पुन्हा उघडू लागल्या. त्या लेकराला 'हो' म्हणता यावं म्हणून मी जन्मात पहिल्यांदा खोटं बोलायला तयार झालो होतो.

मित्रांनो, मला हळदीकुंकू नको, मऊ फडकंही नको. तुमच्या नव्या घरात मी येईन तेव्हा एक रात्र घर मुकाट्याने बंद ठेवा. का ठेवायचं ते घरातल्या सगळ्यांना सांगा, आजीला सगळ्यात आधी. आणि मी वाईट बातमी दिली तर मला डबडं म्हणू नका. तिकडे खेडजवळ एक मुलगी अजून बॅग भरून बसली आहे.